पोरखेळ कोणाचा?

गेल्या दसऱ्याला सोनें देण्याच्या निमित्तानें आमच्या हिंगोलीच्या घरीं चारपांच स्नेही जमले होते. रामलीला मैदानावरचें रावणदहन नुकतेंच आटोपलें होतें. फराळाच्या बशा फिरत होत्या. पावसानें केलेलें नुकसान, सोयाबीनचा भाव, मुलांच्या नोकऱ्या असे नेहमींचे विषय चालले होते. माझा मुलगा पुण्याहून रजेवर आलेला. तो कोपऱ्यांत आपलें वीस वर्षांपूर्वींचें हातांतलें खेळयंत्र, म्हणजे गेमबॉय ॲडव्हान्स, घेऊन बसला होता, आणि मी त्याच्या खांद्यावरून डोकावून पुढें काय झालें तें विचारीत होतों. तें पाहून आमच्यांतले एक वडीलधारे गृहस्थ बोलले. त्यांनीं अनेक वर्षें मुख्याध्यापकाचें काम केलें आहे, सारा मोहल्ला त्यांस गुरुजी म्हणतो, आणि माझा त्यांच्याविषयीं मनापासून आदर आहे. ते म्हणाले, “अहो, मुलगा तिशींतला, तुम्ही साठींतले, आणि हा पोरखेळ? आज हें, उद्यां मोबाईलवर रमी. सगळे एकाच माळेचे मणी.”

बैठकींत हंशा पिकला आणि विषय तेथेंच मिटला. परंतु तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. कारण तें एकट्या गुरुजींचें नाहीं, आपल्या सबंध सुशिक्षित वर्गाचें आहे. खेळ म्हटला कीं तो एक तर लहान मुलांचा, नाहीं तर जुगाऱ्यांचा. एखादा खेळ पुस्तकासारखा वाचण्याजोगा, पुन्हां वाचण्याजोगा आणि जपून ठेवण्याजोगा असूं शकतो, ही कल्पनाच आपल्याकडे हास्यास्पद ठरते. हा समज चुकीचा आहे, इतकेंच नव्हे तर तो आपलेंच नुकसान करणारा आहे, असें माझें म्हणणें आहे. आणि तें साधार मांडावें एवढ्याचसाठीं हा लेख.

प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम नीट मांडणें हें वादाचें पहिलें कर्तव्य होय. गुरुजींच्या एका वाक्यांत वस्तुतः तीन आक्षेप सामावले आहेत. पहिला असा कीं, खेळ आणि जुगार ह्यांत भेद नाहीं, असलाच तर तो पायऱ्यांचा आहे. दुसरा असा कीं, ह्या खेळांत प्रौढ माणसाच्या बुद्धीस चघळण्यासारखें कांहीं नाहीं. आणि तिसरा, जो ते सौजन्यानें बोलले नाहींत पण ज्याचा रोख मला कळला, तो असा कीं, एके काळीं त्यांत कांहीं असलें तरी आतां तें यंत्र जुनें झालें. त्याकडे परत जाणें म्हणजे गेलेलें बालपण उकरीत बसणें होय.

ज्या वाचकांनीं असलें यंत्र कधीं हातांत घेतलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द आधीं सांगितले पाहिजेत. निन्टेंडो ह्या जपानी कंपनीचें पहिलें गेमबॉय १९८९ सालीं निघालें. त्याचा पडदा रुंदीला १६० आणि उंचीला १४४ ठिपक्यांचा; रंग म्हणाल तर हिरवट-करड्या छटा चार; आणि पोटांत चार पेन्सिल सेल. त्याच सुमारास प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं रंगीत पडद्यांचीं यंत्रें काढलीं. तीं दिसावयास देखणीं, परंतु सेल खाण्यांत बकासुर. बाजारांत टिकलें तें हें साधें यंत्रच. त्याच्या मागें गुनपेई योकोई नांवाच्या कल्पक कारागिराची एक विचारसरणी होती. जें तंत्र जुनें, स्वस्त आणि पुरतें समजलेलें आहे तेंच हातीं घ्यावें आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, असें तो म्हणे. आपल्याकडील खेड्यांतल्या कोणत्याही गॅरेजवाल्यास ही विचारसरणी समजावून द्यावी लागणार नाहीं.

२००१ सालीं ह्या यंत्राचा वारस, गेमबॉय ॲडव्हान्स, बाजारांत आला. त्यास दोनच सेल पुरत. पडदा रंगीत होता, परंतु मूळ नमुन्यांत त्या पडद्यास स्वतःचा उजेड नव्हता. तें यंत्र २००४ सालीं माझ्या मुलाच्या मामांनीं अमेरिकेहून भाच्यासाठीं आणलें आणि त्याबरोबर आपल्या विद्यार्थिदशेंतलीं जुन्या गेमबॉयचीं दोनचार कार्ट्रिजेंही दिलीं. तीं नव्या यंत्रांत चालत. ते दिवस आमच्याकडे भारनियमनाचे. वीज गेली कीं दूरदर्शन बंद, पंखा बंद. आणि हा दहा वर्षांचा मुलगा कंदिलाजवळ सरकून, पडद्यावर उजेड पडेल अशा बेतानें यंत्र तिरपें धरून वाचीत बसलेला असे. ‘वाचीत’ हा शब्द मीं जाणून वापरला आहे.

कारण मी ज्या खेळांविषयीं लिहितों आहें ते पळण्या-उडण्याचे नाहींत. त्यांस ‘रोल-प्लेइंग’ म्हणजे भूमिकेचे खेळ म्हणतात. ह्या जातीचा उगम १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या खेळांत सांपडतो. तेथें माणसें टेबलाभोंवतीं बसून प्रत्येकीं एक पात्र होत आणि एकजण सर्वांस गोष्टींतून नेई. पुढें तीच रीत संगणकांत आली. १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नें ती जपानांत घरोघरीं नेली, आणि तेथून ती ह्या मुठींतल्या यंत्रांत उतरली. खेळणारा एक पात्र होतो, गांवोगांव हिंडतो, माणसांशीं बोलतो, कोणावर विश्वास ठेवावा, कोणास बरोबर घ्यावें, जवळचें थोडें धन कशावर खर्चावें ह्याचा निर्णय करतो. पडद्यावर सतत मजकूर येत असतो आणि तो वाचल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. एक खेळ पुरा व्हावयास वीस-वीस, तीस-तीस तास लागतात. दर दसऱ्याला रामलीला मैदान भरून टाकणाऱ्या आम्हां हिंगोलीकरांनीं तरी ‘भूमिका घेणें’ ह्या गोष्टीस हंसूं नये. राम झालेला मुलगा फसवणूक करीत नसतो. कांहीं काळ रामाच्या जागीं उभें राहून त्याचे प्रसंग तो सोशीत असतो. ह्या खेळांचें मर्मही तेंच.

आतां पहिला आक्षेप, जुगाराचा. हा सर्वांत गंभीर आहे. मोबाईलवरील पैशाच्या खेळांनीं घरेंच्या घरें बुडविलीं आहेत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैसा लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली, आणि त्या कायद्याच्या हेतूशीं माझा विरोध नाहीं. परंतु त्याच कायद्यानें पैशाचे खेळ, स्पर्धेचे ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ असे निरनिराळे वर्ग मानले आहेत. जो भेद कायदा करणाऱ्यांस दिसला, तो सुशिक्षितांच्या बैठकीस दिसूं नये काय?

भेद ओळखावयाचा असेल तर कोणत्याही खेळास तीन प्रश्न विचारावे. त्याची किंमत किती वेळां द्यावी लागते? त्याला शेवट आहे काय? आणि त्यांत माणूस हरतो तो कशानें? जुन्या हातयंत्रावरील खेळाची किंमत दुकानांत एकदांच दिली जाई. त्यानंतर तो खेळणाऱ्याकडून पैसा मागूं शकत नसे. मागावयाचा रस्ताच त्या यंत्रांत नव्हता. त्यास शेवट असे: शत्रु पडे, माणसें आपापल्या घरीं जात, करणाऱ्यांचीं नांवें पडद्यावरून सरकत आणि ‘समाप्त’ ही अक्षरें उमटत. त्यांत दैवाचा भाग असे, कारण प्रत्येक घावामागें एक अदृश्य फांसा पडत असतो. तथापि पुढें जाण्याचा मार्ग विचाराचा आणि चिकाटीचा असे. उलट आजच्या मोबाईलवरील कित्येक खेळ, ज्यांत उघड पैज नाहीं असेही, आंत येऊं देतांना फुकट असतात आणि मग पावलोपावलीं हात पसरतात. आंत काय आहे हें न सांगतां पेटी विकतात. आज आलां नाहीं तर बक्षीस बुडालें अशी धमकी देतात. आणि ते कधीं संपत नाहींत, कारण संपणें हा दुकानदाराचा तोटा. मुलांस ह्या दुसऱ्या जातीपासून वांचवावयाचें असेल तर पहिली जात त्यांच्या हातीं देणें हा एक शहाणपणाचा उपाय आहे. कागद एकच म्हणून आपण ज्ञानेश्वरी आणि मटक्याची चिठ्ठी एक मानीत नाहीं. मग पडदा एकच म्हणून हे दोन खेळ एक कसे?

शिवाय ही गोष्ट आपल्याला नवी नाहीं. ज्या फांशांनीं धर्मराजानें द्रौपदी पणास लावली, त्यांच्याच भाऊबंद कवड्यांनीं आपल्या पूर्वजांनीं मोक्षपट खेळला. पटावरची सोंगटी म्हणजे खेळणारा जीव. शिडी म्हणजे सद्गुण, सर्प म्हणजे दुर्गुण, आणि अखेरचें घर मोक्षाचें. परंपरा ह्या पटाचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. परंपरेचा हा दावा इतिहासानें तपासावयाचा आहे. परंतु आपला समाज खेळास तत्त्वबोधाचें वाहन मानीत होता एवढें तरी त्यावरून निश्चित ठरतें. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेंत गेला, त्यांतील घरांचीं नांवें हळूहळू गळालीं, आणि तो सापशिडी होऊन आपल्याच बाजारांत परत आला. आपण तो मुलांपुढें टाकला आणि विसरलों. आज त्याचा सखोल अभ्यास कोठें झाला म्हणाल तर डेन्मार्कमध्यें: जेकब श्मिट-मॅडसन ह्या संशोधकानें पश्चिम भारतांतील ज्ञानचौपडीवर कोपनहेगन विद्यापीठांत २०१९ सालीं प्रबंध सादर केला. ‘पोरखेळ’ म्हणून टाकून दिलेल्या वस्तूची ही गति होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडेल.

दुसरा आक्षेप असा कीं ह्या खेळांत प्रौढांजोगें कांहीं नाहीं. त्यास दोन उदाहरणांनीं उत्तर देतों.

गेमबॉयवरील ह्या जातीचा पहिला खेळ १९८९ सालीं जपानांत निघाला आणि पुढच्या वर्षीं ‘द फायनल फँटसी लेजंड’ ह्या नांवानें अमेरिकेंत आला. दसऱ्याच्या दिवशीं माझ्या मुलाच्या हातांत होता तो हाच. जगाच्या मध्यभागीं एक मनोरा आहे आणि त्याच्या शिखरावर स्वर्ग आहे अशी समजूत आहे. चार सोबती तो मनोरा चढूं लागतात. मजल्यामजल्यावर निराळें जग, निराळे जुलमी आणि निराळे दुःखी. अखेर शिखरावर त्यांना सृष्टिकर्ता भेटतो, तो उंच टोपी घातलेल्या सभ्य गृहस्थाच्या वेषांत. तो त्यांस सांगतो कीं हे सारे राक्षस आणि संकटें मींच निर्माण केलीं, कारण मला कंटाळा आला होता आणि शूर माणसें लढतांना पाहण्याची मला हौस होती. आतां तुम्ही जिंकलां, हवें तें मागा. ते कांहीं मागत नाहींत. ते त्याच्याशींच लढतात. मग स्वर्गाचें दार समोर असतां ते माघारे वळतात आणि आपल्या जगांत परततात. मोक्षपटाची शिडी ज्या समाजानें रचली, त्याच्या वंशजांनीं ही उलटी शिडी पाहून विचारांत पडूं नये काय? ईश्वराची लीला आणि जिवांचें दुःख ह्यांचा मेळ कसा बसवावा, हा आमच्या कीर्तनकारांचा जुना प्रश्न आहे. तो चार छटांच्या पडद्यावर दहा वर्षांच्या मुलापुढें ठेवला गेला, ह्यांत पोरकटपणा कोठें आहे तें मला दिसत नाहीं.

दुसरें उदाहरण ‘मदर ३’. हा खेळ गेमबॉय ॲडव्हान्ससाठीं २० एप्रिल २००६ रोजीं जपानांत प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक शिगेसातो इतोई. एका खेड्यांत पैसा म्हणून वस्तु नाहीं. दुकानांत जावें, लागेल तें घ्यावें. मग एका कुटुंबांतली आई मरते, तिच्या जुळ्या मुलांपैकीं एक नाहींसा होतो, आणि बाप त्याच्या शोधांत डोंगर तुडवीत राहतो. पाठोपाठ एक फेरीवाला येतो. तो पैसा आणतो आणि घरोघरीं ‘सुखाच्या पेट्या’ बसवितो. दिव्यासारख्या उजळणाऱ्या त्या पेटीपुढें माणसें बसून राहतात. ज्यांनीं पेटी घेतली नाहीं त्यांच्या घरांवर वीज कोसळूं लागते. शेवटीं सारें गांव उठून एका दिखाऊ शहरांत निघून जातें, आणि मागें रिकामीं घरें राहतात. ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसांच्या मागें कुलपें लागलेलीं घरें ज्यानें औंढा, सेनगांव किंवा कळमनुरी तालुक्यांत पाहिलीं आहेत, त्याला ही गोष्ट परक्या देशाची वाटणार नाहीं. ग्रामीण कादंबरीनें जें शल्य मांडलें तेंच येथें आहे. फरक इतकाच कीं रिकाम्या गांवांतून आपल्याला स्वतः चालावें लागतें, आणि काल ज्याच्याशीं बोललों त्याचें दार आज उघडत नाहीं.

ज्यांस ‘पण हा खेळ आहे, साहित्य नव्हे’ असें म्हणावयाचें असेल त्यांनीं एवढें आठवावें कीं आपल्याकडे एके काळीं कादंबरीवरही हाच आरोप होता. ती तरुणांस बिघडवते, बायकांच्या हातीं पडूं नये, वेळ खाते, असें चांगलीं विद्वान् माणसें म्हणत. नाटकावर तोच आरोप झाला, मग सिनेमावर. प्रत्येक वेळीं आरोप करणारे आदल्या पिढीच्या करमणुकीस साहित्य मानीत आणि आपल्या पिढीच्या साहित्यास करमणूक.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे; नाहीं तर मी वकिली करतों आहें असें वाटेल. ह्या खेळांकडे परत गेल्यावर मला सारेंच सुंदर आढळलें असें नाहीं. कित्येकांत त्याच त्याच राक्षसांशीं शंभर शंभर वेळां लढावें लागतें. गोष्ट दहा तासांची आणि खेळ तीस तासांचा, मधला सारा फुगवटा. वर सांगितलेल्या मनोऱ्यांतही चार पावलें टाकलीं कीं लढाई, असा मजले चढतांना जीव मेटाकुटीस येतो. कित्येकांतील स्त्रीपात्रें केवळ सोडवून आणण्यासाठीं असतात. कित्येकांचें इंग्रजी भाषांतर इतकें आंखूड आहे कीं पात्र रडतें आहे कीं हुकूम देतें आहे हें कळत नाहीं. हे दोष सांगितलेच पाहिजेत. परंतु दोष सांगण्यासाठीं आधीं वस्तु वाचावी लागते. आणि आपला वर्ग न वाचतांच निकाल देत आला आहे, एवढीच माझी तक्रार आहे.

ह्या कबुलीनेंच तिसऱ्या आक्षेपाचें उत्तर सुरू होतें. जुन्याकडे परत जाणें म्हणजे बालपण उकरणें, असें म्हणतात. कांहीं जणांच्या बाबतींत तें खरें आहे. जगांत आज असा एक वर्ग निघाला आहे कीं जो जुनीं कार्ट्रिजें न उघडतां प्लॅस्टिकच्या पेटींत सीलबंद करतो आणि सोन्याच्या वळ्याप्रमाणें भाव चढण्याची वाट पाहतो. हा वर्ग मला गुरुजींहून अधिक दोषी वाटतो. गुरुजी निदान पुस्तक नको म्हणतात; हे पुस्तक पुजतात आणि पान उलटीत नाहींत. खरें परत जाणें तें नव्हे. दहाव्या वर्षीं वाचलेली गोष्ट चाळिसाव्या वर्षीं पुन्हां वाचली असतां गोष्ट तीच असते, वाचणारा निराळा असतो, आणि दोहोंच्या अंतरांत त्याला स्वतःची वाढ मोजतां येते. माझ्या मुलानें मला सांगितलें, “बाबा, लहानपणीं मला वाटे कीं मनोऱ्यावरचा तो देव हरला म्हणजे आपण जिंकलों. आतां पाहतों तर त्याला हरवून ह्या चौघांना मिळालें कांहींच नाहीं, तरी ते परत गेले; तेंच मोठें.” हें वाक्य बालपण उकरणाऱ्याचें नव्हे, वाचकाचें आहे.

परंतु पुन्हां वाचावयाचें तर वस्तु शिल्लक असावी लागते, आणि ह्या वादांतली खरी हानि येथें आहे. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ ह्या संस्थेनें जुलै २०२३ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज बाजारांत विकतही मिळत नाहींत, असा तिचा निष्कर्ष आहे. आणि गेमबॉयच्या घराण्यांतील खेळांपैकीं तर शंभरांत सहाही उपलब्ध नाहींत. २७ मार्च २०२३ रोजीं निन्टेंडोनें ‘३डीएस’ ह्या आपल्या हातयंत्राचें ऑनलाइन दुकान खरेदीसाठीं बंद केलें. जे खेळ केवळ त्याच दुकानांत होते ते त्या दिवसापासून कायदेशीर मार्गानें मिळेनासे झाले. संशोधकांस ग्रंथालयांतून असे खेळ दुरून पाहूं द्यावे, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें फेटाळली; मालकांची भीति अशी कीं अभ्यासाच्या नांवाखालीं लोक मजेसाठीं खेळतील. कादंबरी कोणी आनंदासाठीं वाचील म्हणून ती ग्रंथालयांत ठेवूं नये, असें म्हणण्यासारखेंच हें आहे!

शिल्लक आहेत तीं कार्ट्रिजेंही अमर नाहींत. जुन्या गेमबॉयच्या पुष्कळ कार्ट्रिजांत एक बटण सेल असतो. खेळ कोठवर आला ही नोंद त्याच्या जिवावर राहते. वीसपंचवीस वर्षांत तो मरतो आणि नोंद पुसली जाते. आमच्या मनोऱ्याच्या खेळाचें तसेंच झालें होतें. मामांचे विद्यार्थिदशेंतले चढलेले मजले नाहींसे झाले. गल्लींतल्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलानें जुना सेल उपटून नवा सोल्डर करून दिला, आणि मनोरा पुन्हां पायथ्यापासून चढावा लागला. निदान तो चढतां आला. पुढच्या वीस वर्षांनीं तो सेल बदलावयास कोणास अगत्य असेल काय, हें आपण ह्या वस्तूस काय मानतों ह्यावर अवलंबून आहे. आपल्या देशांत १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांकडे पाठविणें बंधनकारक केलें. पुढें वृत्तपत्रेंही त्यांत आलीं. खेळ त्या व्याख्येंत बसत नाहीं. म्हणजे उद्यां एखाद्या मराठी मुलानें असामान्य खेळ रचला तरी तो जपण्याचें कर्तव्य कोणाचेंच नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं चांगली वस्तु आपोआप टिकते. हिंगोली जिल्ह्यांतल्या माणसानें तरी हें म्हणूं नये. आमच्या जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान परंपरेनें मानलें जातें. नामदेवांचीं सुमारें साठ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत. तीं टिकलीं तीं आपोआप नव्हेत. दूरच्या प्रांतांतल्या, निराळी भाषा बोलणाऱ्या माणसांनीं तीं गाइलीं, आपल्या लिपींत उतरून घेतलीं आणि पवित्र मानून जपलीं, म्हणून टिकलीं. वाङ्मय टिकतें तें उतरून घेणाऱ्यांच्या कष्टांवर. ‘मदर ३’ची हकीकतही अशीच आहे. हा खेळ अधिकृतपणें जपानी भाषेबाहेर कधींच आला नाहीं. तेव्हां परदेशांतील कांहीं चाहत्यांनीं एक पैही न घेतां त्याचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर केलें आणि ऑक्टोबर २००८ मध्यें तें सर्वांस खुलें केलें. मला त्या रिकाम्या गांवाची गोष्ट कळली ती त्यांच्यामुळें. कायद्याच्या दृष्टीनें त्यांचें काम अडचणीचें असेल. मालकाचा हक्क मी नाकारीत नाहीं. परंतु जो मालक वस्तु विकत नाहीं, उसनी देत नाहीं आणि दुसऱ्यास जपूंही देत नाहीं, त्याचा हक्क कोठें संपावा आणि वाचकाचा कोठें सुरू व्हावा, हा प्रश्न आपल्या कायदेपंडितांनीं हातीं घेण्याजोगा आहे.

आतां गुरुजींकडे परत येतों. दिवाळींत ते फराळाला आले तेव्हां मीं तें यंत्र त्यांच्या हातांत दिलें आणि कसें चालवावयाचें तें माझ्या मुलानें त्यांना दाखविलें. प्रथम त्यांनीं नाइलाजानें घेतलें. मग चष्मा सांवरून, खिडकीकडे सरकून, पडद्यावर ऊन पडेल असें यंत्र तिरपें धरलें, आणि अर्धा तास कोणाशीं बोलले नाहींत. मनोऱ्याच्या पायथ्याशींचा राजा काय म्हणतो तें ते मोठ्यानें वाचीत आणि अर्थ लावीत. यंत्र परत देतांना त्यांनीं आपलें मत बदललें असें म्हटलें नाहीं, आणि मीही विचारलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें: “हें मराठींत कां नाहीं हो?”

ह्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ह्या खेळांचीं भाषांतरें इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश ह्या भाषांत झालीं. पुढें कोरियन आणि चिनी भाषांतही झालीं. कोट्यवधि माणसें जी बोलतात ती मराठी ह्या यादींत नाहीं. माझ्या मुलानें अर्धी गोष्ट अंदाजानें वाचली आणि शब्दकोश शेजारीं ठेवून इंग्रजी शिकला. त्याचें कौतुक मी करीत आलों. पण ज्या मुलांपाशीं मामा नव्हता आणि शब्दकोशही नव्हता, तीं दारांतच थांबलीं. ह्याचा दोष परदेशी कंपनीवर ढकलून चालणार नाहीं. जी वस्तु आपण स्वतःच पोरखेळ ठरविली, ती आपल्या भाषेंत यावी म्हणून मागणी तरी कोण करणार?

म्हणून माझें वाचकांस सांगणें असें. घरांतल्या माळ्यावर, जुन्या पेटींत, असें एखादें यंत्र पडलें असेल तर तें भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां सेल घालून पाहा, आणि मुलांबरोबर बसून त्यांतली एक तरी गोष्ट शेवटापर्यंत न्या. न आवडल्यास कां आवडली नाहीं तें लिहा. ह्या मासिकांत पुस्तकांचीं परीक्षणें येतात, तशीं एखाद्या खेळाचीं येण्यास काय हरकत आहे? आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनीं नाटक आणि चित्रपट अभ्यासास घेतले. त्यांनीं मोक्षपटापासून ह्या यंत्रापर्यंतची वाट एखाद्या विद्यार्थ्यास चालूं द्यावी. आणि ज्या तरुणांस संगणकाची विद्या येते त्यांनीं एक तरी गोष्ट मराठींत आणावी. मालकाच्या परवानगीनें आणतां येत नसेल तर स्वतःची रचावी. नरसीहून पंढरीस आणि पंढरीहून पंजाबपर्यंत चाललेल्या एका शिंप्याची भूमिका घेऊन आमच्या मुलांनीं गांवोगांव हिंडावें, वाटेंतल्या माणसांशीं बोलावें, कोठें थांबावें आणि कोठें निघावें हें स्वतः ठरवावें, असा खेळ व्हावयास काय कमी आहे? गोष्ट आहे, वाट आहे, भाषा आहे. कमी आहे ती हें काम करण्याजोगें आहे असें मानणाऱ्यांची.

मोक्षपट आपण एकदां मुलांपुढें टाकून विसरलों आणि त्याचा अर्थ आतां परक्यांकडून शिकतों आहों. तीच चूक जाणूनबुजून दुसऱ्यांदा करणें, हा मात्र निःसंशय पोरखेळ होय.